तालुका-जिल्हा कोर्टासाठी वकील नेमताना : निवड, फी, कागदपत्रे आणि पहिली भेट

शेतजमिनीचा वाद, वाटप, अडवलेला रस्ता, न वटलेला चेक, घर न सोडणारा भाडेकरू अशा कामांसाठी जवळच्या कोर्टात वकील नेमायची वेळ आली की जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. माहिती महाराष्ट्रापुरती आहे. परदेशातून काम चालवणाऱ्यांसाठी आणि गोव्यातल्या मिळकतीसाठी वेगळे काय, ते शेवटी सांगितले आहे.

वकिलाकडे नेमके कधी जावे? आधी घरात, गावात मिटवून बघितले तर चालेल ना?

मिटवायचा प्रयत्न जरूर करा, पण मुदत संपत आली असताना नाही. ‘बोलणी चालू होती’, ‘पंच बसणार होते’ या कारणांनी कायद्याची मुदत थांबत नाही. पुरावा हाताशी असूनही केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो.

काही मुदती लक्षात ठेवा. मुदत कायदा १९६३ प्रमाणे उसने दिलेले पैसे वसूल करण्याच्या दाव्याला साधारणपणे ३ वर्षे मिळतात. साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करून समोरचा खरेदीखत करून देत नसेल तरी ३ वर्षेच. साठेखतात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून ही मुदत मोजतात. मालकीच्या आधारावर जमिनीचा ताबा मागायला १२ वर्षे असतात.

शेतात जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा केल्यापासून ६ महिन्यांच्या आत. सहा महिने उलटले की हा सोपा मार्ग बंद होतो आणि दिवाणी कोर्टाची लांबची वाट धरावी लागते. मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केलेल्या फेरफारावर (सातबाऱ्यातली नावे-हक्क बदलणाऱ्या नोंदीवर) प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायला ६० दिवस असतात. तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर (दाव्याच्या अंतिम निर्णयावर) जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत करावे लागते. निकालाची नक्कल मिळायला लागलेला काळ यातून वगळतात, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज टाका.

आणि तुमच्यावर दावा झाला असेल, समन्स हातात पडले असेल, तर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्यासाठी ३० दिवस असतात. कारण पटले तर कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवून देते. समन्स घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. बेलिफ तसा अहवाल देतो आणि प्रकरण पुढे सरकते, फक्त तुमच्याशिवाय.

समोरचा कोर्टात जाऊन स्टे आणणार अशी कुणकुण आहे. आधीच काही करता येते का?

येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करा. मग तुम्हाला सूचना दिल्याशिवाय कोर्ट त्या अर्जावर सहसा आदेश देत नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकते, नंतर पुन्हा करावे लागते. समोरचा कोणकोणत्या कोर्टात जाऊ शकतो हे वकिलाकडून समजून घ्या. दिवाणी कोर्टात कॅव्हेट आणि समोरचा मात्र प्रांतांकडे, असे झाले तर त्या कॅव्हेटचा उपयोग नाही.

वकील तालुक्याचाच हवा, की जिल्ह्याचा, की पुण्या-मुंबईचा?

काम जिथे उभे राहणार तिथे रोज असणारा वकील घ्या. दाव्यात वर्षानुवर्षे तारखा पडतात. शंभर किलोमीटरवरून येणारे वकील प्रत्येक तारखेला येतीलच असे नाही आणि मग ‘वकील हजर नाहीत, मुदत द्यावी’ असे अर्ज साचत जातात. जमिनीच्या कामात स्थानिक वकिलाचा आणखी एक फायदा असतो. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा कोणता कागद मिळतो, जुने अभिलेख तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कसे सापडतात, हे त्यांना रोजच्या कामातून माहीत असते.

महसुली काम आणि दिवाणी काम यांत फरक आहे, तो आधी ओळखा. तहसीलदार, प्रांत, अप्पर जिल्हाधिकारी यांच्यासमोर नेहमी उभे राहणारे वकील वेगळे असू शकतात. फेरफाराचे अपील आणि वाटपाचा दावा दोन्ही करायचे असतील तर एकाच वकिलाला दोन्हींचा सराव आहे का, हे सरळ विचारा.

उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तिथले वकील निराळे घ्यावे लागतील. मुंबईत मुख्य पीठ, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे खंडपीठे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या ६ जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आहे.

चांगला वकील शोधायचा कसा?

ज्याचे काम तुमच्यासारखेच होते आणि जे पूर्ण झाले आहे, अशा माणसाला विचारा. ‘वकील हुशार आहेत का’ एवढेच विचारून भागत नाही. तारखेला स्वतः उभे राहत होते का, फोन उचलत होते का, नकला वेळेवर देत होते का, हे विचारा. निकाल काय लागला याला त्यापेक्षा कमी महत्त्व द्या. कागद कच्चे असतील तर चांगला वकीलही हरतो.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल अ‍ॅपवर वकिलाच्या नावाने शोधता येते. कोर्ट निवडून नाव टाकले की त्यांची प्रकरणे दिसतात. त्यावरून त्यांच्याकडे दिवाणी दावे जास्त आहेत, चेकची प्रकरणे आहेत की फौजदारी, याचा अंदाज येतो. मात्र कधी वकीलपत्र ज्युनिअरच्या नावाने असते, तर कधी नावाचे स्पेलिंग वेगळे पडलेले असते. यादी छोटी दिसली म्हणून लगेच मत बनवू नका.

सगळ्यात चांगला उपाय असा की एक दिवस सकाळी ११ नंतर कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. सुनावणी सहसा खुली असते. कोण फाइल वाचून आले आहे, कोणाला न्यायाधीशांनी विचारलेले पान पटकन सापडते, उलटतपास कोण नेमका घेतो, हे दोन तासांत दिसते. आवाज मोठा असणे आणि तयारी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

जाहिरात करणाऱ्यापासून जपून राहा. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी वकिलांना जाहिरात करून किंवा मध्यस्थ पाठवून काम मिळवायला बंदी आहे. कोर्टाच्या फाटकापाशी, तहसीलच्या आवारात गाठून ‘चला, आपले वकील आहेत, काम शंभर टक्के करून देतो’ म्हणणारा माणूस कमिशनवर काम करत असतो आणि ते कमिशन शेवटी तुमच्याच खिशातून जाते.

समोरचा माणूस खरोखर वकील आहे हे कसे कळावे?

सनद क्रमांक विचारा. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा तो देते. त्यात ‘एमएएच’ ही अक्षरे, अनुक्रमांक आणि वर्ष असते. वकीलपत्रावर तो लिहिलेलाच असतो, त्यामुळे विचारण्यात संकोच नको. शंका असेल तर बार कौन्सिलकडे किंवा स्थानिक वकील संघाकडे खात्री करता येते.

भावाने वकील आधीच नेमले आहेत. ‘तेच आपल्या सगळ्यांचे बघतील’ असे तो म्हणतो. चालेल का?

सगळ्यांची मागणी अगदी एक असेल, म्हणजे सगळे भाऊबहीण मिळून तिऱ्हाइताविरुद्ध उभे असतील, तर चालेल. वाटप, मृत्युपत्र, हक्कसोड यांचा प्रश्न असेल तर स्वतःचा वकील घ्या. यात तुमचा हिस्सा वाढला की भावाचा कमी होतो, मग एका वकिलाने दोघांचे हित कसे बघावे?

बहिणींनी हे विशेष लक्षात घ्यावे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांसमोर नोंदवले गेले की ते मागे घेणे फार कठीण असते. ‘फक्त सहीला ये’ असा निरोप आला तर मसुदा दोन दिवस आधी मागवा आणि वाचून दाखवायला आपल्या वकिलाकडे न्या. माहेर तुटेल या भीतीने न वाचता सही करू नका. हक्क सोडायचाच असेल तर काय सोडतो आहोत हे कळून सोडा.

भेटीची वेळ ठरवताना फोनवर काय सांगावे?

तुमचे पूर्ण नाव, समोरच्या सगळ्यांची पूर्ण नावे, गाव, कामाचा प्रकार आणि समन्स किंवा नोटीस आली असेल तर तिच्यातली तारीख. समोरच्याची नावे आधी सांगणे गरजेचे आहे, कारण वकील कदाचित त्यांचेच काम पाहत असतील. तसे असेल तर त्यांनी तुमचे काम घेता कामा नये आणि तुम्हीही त्यांना पुढचे काही सांगू नये. पहिल्या भेटीची फी आहे का, किती, हेही तेव्हाच विचारा. जमिनीच्या कामाला पाऊण ते एक तास मागा. कोर्टाच्या मधल्या सुट्टीत बार रूममध्ये उभ्याउभ्या झालेली भेट याला पुरत नाही. संध्याकाळी ऑफिसची वेळ घ्या.

पहिल्या भेटीला कोणकोणते कागद न्यावेत?

जमिनीचे काम असेल तर चालू सातबारा, ८-अ, आणि त्या गटावरचे सगळे फेरफार. इथे खूप जण चुकतात. फक्त आजचा सातबारा नेला तर त्यावर आजची नावे कळतात, ती कशी आली हे कळत नाही. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक दिलेले असतात. तो एकेक क्रमांक घेऊन नक्कल काढा आणि जितके मागे जाता येईल तितके जा. जुने स्कॅन केलेले अभिलेख ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांसाठी मिळतात, उरलेले तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून अर्ज करून. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र असेल ते न्या. खरेदीखत सापडत नसेल तर सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) काढा. मोजणी झाली असेल तर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत न्या. गावठाणातली किंवा शहरातली मिळकत असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक लागेल.

सातबाऱ्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. उलट सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी धरतात, पण नाव लागले म्हणून मालकी मिळाली आणि नाव कमी झाले म्हणून मालकी गेली, असे होत नाही. मालकी ठरते ती दस्तावरून आणि वारसाहक्कावरून. म्हणून वकिलाला सातबाऱ्याच्या मागचे कागद हवे असतात.

वारसाचा प्रश्न असेल तर वंशावळ काढून न्या. मूळ पुरुषापासून सुरुवात करा, बायका-मुली धरून सगळी नावे लिहा, मृत व्यक्तीपुढे मृत्यूचे वर्ष टाका. मुलींची नावे ‘लग्न होऊन गेली’ म्हणून वगळू नका. एक हिस्सेदार जरी दाव्यात सामील करायचा राहिला, तरी त्या मुद्द्यावर वाटपाचा दावा अडकतो.

चेकचे काम असेल तर मूळ चेक, बँकेचा रिटर्न मेमो, चेक भरल्याची स्लिप, व्यवहाराचा पुरावा आणि खात्याचा उतारा. या कामात दिवस मोजावे लागतात. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत सादर झालेला हवा. न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस. तरीही पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या फोनवर विसंबून ३० दिवस घालवू नका. नोटिशीची पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवा, पुढे सगळे त्यावर उभे राहते.

भाडेकरूचे काम असेल तर करारनामा, त्याची नोंदणी झाली असल्यास पावती, भाडे जमा झाल्याचा उतारा, घरपट्टी आणि वीजबिल. शासनाविरुद्ध दावा असेल तर आतापर्यंत दिलेले सगळे अर्ज पोच शिक्क्यासह, कारण अशा दाव्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

पोलीस प्रकरण असेल तर प्रथम खबर अहवालाची प्रत आणि पोलिसांनी दिलेली नोटीस घेऊन लगेच जा, कागद जमवत बसू नका. अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत तिला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. तिथे नातेवाइकांनी वकिलासह वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे असते.

कागद तर नेले. पण एवढी वर्षांची हकिगत एका तासात सांगायची कशी?

तारखेवार टिपण करून न्या. एका पानावर, जुन्या घटनेपासून आजपर्यंत, प्रत्येक ओळीत घटना आणि तिचा कागद आहे की नाही एवढेच. नमुना असा :

१९८७ – आजोबांनी जमीन विकत घेतली. खरेदीखत आहे.
२००३ – आजोबा वारले. मृत्युदाखला आहे. मृत्युपत्र केल्याचे कोणाला माहीत नाही.
२००४ – वारसनोंद. फेरफारात आजी आणि तीन मुलांची नावे, दोन आत्यांची नाहीत. नक्कल आहे.
२०११ – तोंडी वाटप. तेव्हापासून तिघे भाऊ आपापला तुकडा कसतात. कागद नाही.
मार्च २०२४ – थोरल्या काकांनी पूर्वेकडचे २० गुंठे विकल्याचे कळले. सूची क्रमांक २ आहे.
मे २०२५ – खरेदीदाराने बांध फोडला. फोटो आहेत, पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच आहे.

एवढ्या सहा ओळींत वकिलाला बरेच काही दिसते. आजोबांनी जमीन स्वतः विकत घेतली होती आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे आजी, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा येतो. म्हणजे फेरफारात नाव नसले तरी आत्या हिस्सेदार आहेत आणि त्यांना दाव्यात घ्यावे लागणार. हीच जमीन वडिलोपार्जित असती तर मुलींच्या हक्कासाठी ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली दुरुस्ती आणि तिचा अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल बघावा लागला असता. खरेदीदारालाही पक्षकार करावे लागेल. तोंडी वाटप झाले की फक्त सोयीसाठी वहिवाट वेगळी होती, यावर भांडण रंगेल, म्हणून पीकपाहणीच्या नोंदी आणि शेजारच्या शेतकऱ्यांची साक्ष लागेल. आणि बांध फोडला आहे, म्हणजे दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज तातडीने करायचा. तालुक्याच्या कोर्टात ज्याला सगळे ‘नि. ५ चा अर्ज’ (निशाणी ५) म्हणतात, तो हाच.

तारीख नक्की आठवत नसेल तर ‘२०११ च्या सुमारास’ असे लिहा. अंदाजाने पक्की तारीख टाकू नका. तीच तारीख दाव्यात जाते, शपथेवर येते आणि उलटतपासात तुम्हाला तिचा जाब द्यावा लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी आणि फोन रेकॉर्डिंग चालते का?

पुरावा म्हणून देता येते, पण नुसते स्क्रीनशॉट छापून भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी मूळ फोन जपा. चॅट पुसू नका, रेकॉर्डिंगचे तुकडे करू नका, फाइलचे नाव बदलू नका. फोन बदलायचा असेल तर आधी वकिलाला विचारा. तोवर कोणत्या तारखेचा कोणता संदेश महत्त्वाचा आहे, ते टिपणात लिहून ठेवा.

आपल्या बाजूची कमकुवत गोष्ट वकिलाला सांगावी का?

तीच आधी सांगा. कोऱ्या स्टॅम्पवर सही दिली होती, मधे काही रक्कम घेतली होती, आधी एक दावा काढून घेतला होता, या गोष्टी समोरच्याला माहीत असतातच. त्या तुमच्या वकिलाला पहिल्यांदा उलटतपासात कळल्या तर सावरायला जागा उरत नाही. तुम्ही कामाच्या संदर्भात वकिलाला सांगितलेले ते तुमच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने हे संरक्षण दिले आहे. पुढे एखादा गुन्हा किंवा फसवणूक करण्यासाठी सल्ला मागितला तर मात्र ते मिळत नाही.

सोबत शेजारी-पाजारी, मध्यस्थ, चार पाहुणे नेऊ नका. ज्याला सगळे माहीत आहे असा घरातला एक माणूस पुरे.

पहिल्या भेटीत वकिलाला काय विचारावे?

मुदत केव्हा संपते आहे, हे सर्वांत आधी. मग, काम कोणत्या कोर्टात जाईल आणि का? माझ्याकडे कोणता कागद कमी आहे, तो कोण काढणार? मनाईहुकूम मिळण्याची शक्यता किती, आणि नाही मिळाला तर पुढे काय? जमिनीचा दावा असेल तर लिस पेंडन्सची, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायची का? तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर? तडजोड करायची झाली तर कोणत्या टप्प्यावर करणे शहाणपणाचे?

‘जिंकू का’ या प्रश्नाला ‘शंभर टक्के’ असे उत्तर देणाऱ्यापेक्षा, कागद पाहून ‘इथे आपली बाजू भक्कम, इथे कच्ची’ असे सांगणारा वकील निवडा. पहिल्याच भेटीत वकीलपत्रावर सही करायची गरज नाही. मुदत अंगावर आलेली नसेल तर दोन दिवस विचार करा, हवे तर दुसऱ्या वकिलाचे मत घ्या.

फी कशी ठरवतात?

तीन पद्धती दिसतात : पूर्ण कामाची एक रक्कम हप्त्यांनी, टप्प्याटप्प्याने (दावा दाखल, मनाई अर्ज, साक्षीपुरावे, युक्तिवाद), किंवा तारखेप्रमाणे. लांबणाऱ्या दिवाणी दाव्यात टप्प्यांची पद्धत पक्षकाराला बरी पडते, कारण प्रत्येक हप्त्यामागे झालेले काम दिसते. तारखेप्रमाणे ठरवली असेल तर नुसती पुढची तारीख पडली त्या दिवसाची फी आहे का, हे आधी विचारून घ्या. वाद बहुतेक तिथेच होतात.

फी सोडून कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नकला, समन्सचा खर्च, कोर्ट कमिशनर नेमल्यास त्यांची फी हे सगळे वेगळे असते. फीच्या आकड्यात यातले काय धरले आहे ते कागदावर लिहून घ्या, साधा व्हॉट्सअ‍ॅप संदेशही चालेल. रक्कम शक्यतो यूपीआयने किंवा चेकने द्या आणि ‘दावा फी’, ‘कोर्ट फी’ असे वेगळे लिहा. रोख दिली तर पावती मागा. महिलांना काही प्रकारच्या दाव्यांत कोर्ट फी माफ करणारी राज्य शासनाची १९९४ ची अधिसूचना आहे, ती तुमच्या दाव्याला लागू होते का हे विचारा.

‘आत्ता काही देऊ नका, जमीन मिळाली की दोन गुंठे द्या’ असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळकतीत वाटा घेणे वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही.

फी परवडत नसेल तर?

तालुका कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. साध्या अर्जासोबत आधार आणि लागेल तो दाखला द्यायचा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. असा वकील मिळाल्यावर त्यांना वेगळी फी द्यायची नसते, कोणी मागितली तर समितीच्या सचिवांना सांगा.

वकीलपत्रावर सही करताना काय बघावे?

छापील नमुना असतो म्हणून लोक वाचत नाहीत. त्यात वकिलांना तुमच्या वतीने तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार दिलेला असू शकतो. तो नको असेल तर ती ओळ खोडून शेजारी सही करा आणि तसे वकिलांना सांगा. पक्षकारांची नावे आणि कोर्टाचे नाव भरलेले असल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर तर कधीच नाही.

मूळ दस्त पहिल्या भेटीत फक्त दाखवा आणि झेरॉक्स द्या. कोर्टात दाखल करायच्या वेळी मूळ कागद दिलेच, तर यादी करून पोच घ्या.

वकील नेमले. आता आपले काम संपले का?

नाही. दाखल झालेल्या प्रकरणाचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाका. पुढची तारीख, टप्पा आणि बहुतेक वेळा त्या दिवशी काय झाले तेही दिसते. तारखेच्या दोन दिवस आधी ऑफिसला फोन करून विचारा की मी यायला हवे का, कोणता कागद आणू. दावा, कैफियत, प्रत्येक अर्ज आणि आदेश यांची प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा.

गैरहजेरीत एकतर्फा हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला ३० दिवस असतात. तुमचा दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला तर तो पुन्हा दाखल करून घ्यायलाही ३० दिवसच. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला तर त्याच आठवड्यात ऑफिसला कळवा.

वकील बदलता येतात का? जुने वकील फाइल देत नसतील तर?

बदलता येतात. जुन्या वकिलांचे काम झाले असेल तेवढी फी देऊन त्यांच्याकडून ना हरकत घ्यायची आणि नवे वकीलपत्र दाखल करायचे, हा सरळ रस्ता. ना हरकत देत नसतील तर कोर्टाची परवानगी मागता येते. फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. थकलेली फी ते वेगळ्या मार्गाने वसूल करू शकतात. साक्षीपुरावे चालू असताना बदल केला तर नव्या वकिलाला सगळे वाचायला वेळ लागतो. जमल्यास टप्पा संपल्यावर बदला.

वकिलाने गैरवर्तन केले तर तक्रार कुठे करायची?

बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खाली. पैसे घेऊन दावाच दाखल केला नाही, समोरच्याशी संगनमत केले, तुमची रक्कम ठेवून घेतली, अशा गोष्टी यात येतात. पुरावा म्हणून पावत्या, संदेश आणि सीएनआरची छापील माहिती जोडा. ग्राहक आयोगात मात्र जाता येत नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. केवळ निकाल विरुद्ध गेला हा गैरवर्तनाचा मुद्दा होत नाही, त्यासाठी अपील असते.

आम्ही परदेशात असतो. गावच्या जमिनीचे काम कसे चालवायचे?

पहिली भेट व्हिडिओवर घ्या, कागद आधी स्कॅन करून पाठवा. गावातल्या विश्वासू माणसाला कुलमुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते फक्त या दाव्यापुरते करा. जमीन विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टिल (परदेशी कागदाला मान्यता देणारे त्या देशाचे शासकीय प्रमाणपत्र) करून मूळ प्रत भारतात पाठवा. ती इथे पोहोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे राहून गेले की ऐन वेळी कोर्टात त्या पत्रावर हरकत येते.

असा मुखत्यार तुमच्या वतीने अर्ज, शपथपत्रे यांवर सह्या करू शकतो, पण जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे त्याची साक्ष तो तुमच्या जागी देऊ शकत नाही. त्यासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी मागता येते. तुमच्या प्रकरणात ती शक्य आहे का आणि त्याची तयारी काय, हे वकीलपत्र देतानाच विचारून ठेवा.

मिळकत गोव्यात असेल तर?

बार कौन्सिल तीच आहे, पण वारसाहक्काचे कायदे वेगळे आहेत. तिथे वारसांमधली वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेने (मिळकतीची यादी करून कोर्टामार्फत) होते आणि पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेचा विचार आधी होतो. सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक व चौदा असतो. जुने दस्त पोर्तुगीजमध्ये असू शकतात. सिंधुदुर्गात घर आणि पेडण्यात जमीन असेल, तरी गोव्यातल्या भागासाठी तिथल्या कोर्टात नियमित काम करणारे वकीलच घ्या. त्यांच्याकडे जाताना आई-वडिलांच्या लग्नाच्या नोंदीची प्रत आठवणीने न्या, समाईक मालमत्तेचा प्रश्न तिच्यापासून सुरू होतो.